तीन खाचांची फळी

मित्रांनो, गोष्ट सुरू करण्याआधी एक कबूल करा. माझ्याकडे बघून कुणीही 'अय्या, किती सुंदर!' असं म्हणायचं नाही. मनातल्या मनातसुद्धा नाही. कारण या तीन शब्दांनीच माझं वाटोळं झालं, आणि माझ्याबरोबर एका म्हाताऱ्या माणसाचंही.

मी पाव वाहून नेणारी फळी आहे. जुनी, देवदाराची, हातभर रुंद आणि दोन हात लांब. सध्या माझा मुक्काम राजधानी रबातमधल्या एका पांढऱ्याशुभ्र दालनात असतो. माझ्या पोटातून एक लांब स्क्रू आरपार गेला आहे. माझ्या डोक्यावर लल्ला राद्याची फळी (बाईला आम्ही मानाने 'लल्ला' म्हणतो), पायाशी शिंप्याच्या घरची फळी. अशा आम्ही एकतीस जणी एकमेकींना जखडून, भट्टीच्या घुमटाचा आकार करून उभ्या आहोत. समोर छोटीशी पाटी आहे. तिच्यावर या शिल्पाचं नाव लिहिलंय, 'ऊब'. आणि गंमत बघा, या दालनात इतका गारठा असतो की रखवालदार उन्हाळ्यातही स्वेटर घालून बसतो!

पण मी काही अशी जन्मले नव्हते.

सफ्रू गावाच्या वर, डोंगरात, माझं झाड होतं. तिथून मी सुताराच्या हाती आले. लल्ला तमू नवी नवरी होऊन आमच्या गल्लीत येणार होती, म्हणून तिच्या आईने मला करून घेतलं. सुताराने मला तासलं, चारही कोपरे गोल केले, आणि शेवटी माझ्या उजव्या कडेला पटाशीने तीन खाचा पाडल्या. टक, टक, टक. ते माझं नाव! तमूच्या घरची फळी म्हणजे तीन खाचा. राद्याच्या फळीला एक लांब खाच आणि तांब्याची पट्टी. शिंप्याच्या फळीचा कोपरा जळका. गल्लीत एकीसारखी दुसरी फळी नव्हती, आणि त्याला कारण होतं.

आमच्या गल्लीत कणीक घरोघरी मळतात, पण पाव भाजतात एकाच भट्टीत. गल्लीच्या टोकाला, तीन पायऱ्या उतरून. तिथे बा बूश्ता असायचे. 'बा' आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात. चाळीस वर्षं विस्तवाच्या तोंडाशी बसून त्यांच्या डोळ्यांवर सायीसारखा पडदा आला होता. माणसं त्यांना सावल्यांसारखी दिसायची. पण फळी हातात आली की त्यांचा अंगठा तिच्या कडेवरून सर्रकन फिरायचा आणि ते घर ओळखायचे. सकाळी एकतीस घरांचे दीडशे पाव त्या भट्टीत शिरायचे आणि एकही चुकून दुसऱ्याच्या घरी जायचा नाही!

माझी सकाळ कशी असायची, सांगू? आधी तमू माझ्यावर मूठभर भरडा रवा भुरभुरायची. मग पाच गोल गुबगुबीत पाव ठेवून वर धुतलेलं फडकं. मग तमूची लेक शामा मला डोक्यावर घ्यायची. एक हात फळीला, एक हात मोकळा, वाटेत मांजराला लाथ दाखवायची, मैत्रिणीला हाक मारायची, एकदा तर उडी मारून झाडाचं जर्दाळूही तोडलं तिने. मी डोक्यावर असताना! माझ्या काळजाचं पाणी झालं होतं.

"आली का तमूची फळी?" बा बूश्ता अंगठा फिरवून म्हणायचे. "काय गं शामा, आईने आज बडीशेप जास्त घातली. पाहुणे येणार वाटतं?"

"तुम्हाला कसं कळतं, बा?"

"मला सगळं कळतं. तू काल पावाचा कडेचा तुकडा मोडून खाल्लास आणि उंदराचं नाव सांगितलंस, तेही कळलंय."

"उंदीरच होता!"

"हो, दोन वेण्या घातलेला उंदीर."

पाव भाजून झाले की बा ते लांब दांड्याच्या फावड्याने बाहेर काढायचे, माझ्यावर मांडायचे आणि माझ्या कडेवर दोन थापा मारायचे. टक् टक्. म्हणजे झालं, उचल आणि पळ घरी. पायरीवर गप्पा मारत बसलेली शामा ती थाप ऐकून उठायची. गरम पावांखाली माझं अंग शेकायचं, देवदाराचा वास पुन्हा उसळायचा, आणि बा न चुकता म्हणायचे, "या फळीवरचा पाव कधी चिकटत नाही हो! गुणाची आहे."

एवढं कौतुक रोज मिळूनही माझं पोट भरलं नाही, मित्रांनो. इथेच माझी चूक झाली.

तमूच्या घरात एक चांदीसारखं चकचकीत चहाचं तबक होतं. ते बैठकीच्या खोलीत कपाटावर उभं असायचं. आलागेला त्याच्याकडे बघायचा. आणि मी? स्वयंपाकघराच्या दाराआड, केरसुणीच्या शेजारी! मला वाटायचं, मी रोज राबते आणि मिरवतं ते. माझ्याकडे कुणीतरी नुसतं बघावं. काही ठेवायला नाही, न्यायला नाही. नुसतं बघावं.

आणि एके दिवशी तसं बघणारी आली.

बातूल आमच्याच गल्लीतली. सहा वर्षांची असताना बापाबरोबर बेल्जियमला गेली, आणि आता शिल्पकार होऊन, गळ्यात कॅमेरा अडकवून परत आली होती. बोलायची आमचीच भाषा, पण लहान मुलीसारखी, सरळसोट. भट्टीत तिचा जीव अडकला होता. ती तासन्‌तास पायरीवर बसून फोटो काढायची: बांचे हात, राख, पिठाचे ठसे, शामाच्या डोक्यावरची मी. तमूच्या घरी आली तर केरसुणी बाजूला करून माझ्यासमोर पोटावर झोपली, आणि तिरप्या उन्हात माझा फोटो काढला.

तो फोटो तिने मोठा करून आणला तेव्हा सगळी गल्ली जमली. काय सांगू! माझ्या ओरखड्यांत साचलेलं पीठ डोंगरघळीत साचलेल्या बर्फासारखं दिसत होतं. वीस वर्षांच्या सुऱ्यांचे वार म्हणजे जणू नद्या. मी माझीच मला ओळखू येईना.

"ही माझी फळी?" तमू डोळे विस्फारून म्हणाली. "हिला मी काल उलथन्याने खरवडली गं!"

बा बूश्तांनी फोटो नाकाशी नेला, मग कडेवरून अंगठा फिरवला. "छान असेल," ते म्हणाले. "पण खाचा लागत नाहीत बोटाला."

सगळे हसले. फोटो भट्टीच्या भिंतीवर लागला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पाच पाव घेऊन निघाले. फोटोने माझं रूप नेलं होतं, पण मला माझ्या जागेवर ठेवलं होतं. तेवढ्यावर थांबलं असतं तर! पण तबकाकडे बघून मी मनात म्हणत होते, अजून. मला अजून हवंय.

पुढचं कळायला आमच्या गल्लीची एक रीत माहीत हवी. पाहुण्याने घरातल्या वस्तूचं कौतुक केलं की घरची बाई लगेच म्हणते, "घे, तुझीच आहे." पाहुणा म्हणतो, "छे छे, तुमच्याकडेच शोभते." ती पुन्हा म्हणते, घेच. तो पुन्हा नाही म्हणतो. बहुतेक वेळा इथेच दोघं हसतात, चहा येतो, वस्तू जागच्या जागी राहते. तिसऱ्यांदा विचारलं तर समजायचं, हे मनापासून आहे. मग घ्यायचं. पहिल्या शब्दाला कुणी घेत नाही, आणि पहिल्या नकाराला कुणी खरं मानत नाही. हे कुणी शिकवत नाही. तिथे वाढलं की येतं.

बातूल तिथे वाढली नव्हती.

एका दुपारी तिने मला दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "अय्या, लल्ला तमू, किती सुंदर!"

"घे गं, तुझीच आहे," तमू चहा ओतता ओतता म्हणाली.

"खरंच?" बातूलने मला छातीशी धरलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरंच देता मला? मी हिचं शिल्प करीन! साऱ्या गल्लीच्या फळ्यांचं, भट्टीएवढं! बांच्या भट्टीचं नाव होईल बघा, लोक लांबून बघायला येतील!"

तमूची किटली हातातच राहिली. चहा पेल्याबाहेर सांडला. पण दिलेला शब्द गिळायचा कसा? ती म्हणाली, "हो हो... ने की."

शामा पाठीमागे धावली. "आई, आपली फळी! उद्या पाव कशावर न्यायचे?" ती रडत गल्लीच्या वळणापर्यंत आली. आणि मी काय केलं माहीत आहे? मला तिची लाज वाटली. मला वाटलं, आता ही पिठाच्या हाताची पोरगी मला धरून मागे ओढणार. माझी तीन वर्षं जिच्या डोक्यावर गेली, तिची मला लाज वाटली! मित्रांनो, लाकडाला रडता येत नाही ते किती बरं आहे.

संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली. लल्ला राद्या कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "तमूने दिली म्हणे! मग मी काय भिकारीण आहे? माझ्या फळीला तांब्याची पट्टी आहे म्हणावं!" झालं. बातूल दारोदार गेली, प्रत्येक फळीला सुंदर म्हणाली, आणि प्रत्येक घराने 'घे' म्हटलं. पाच दिवसांत एकतीस फळ्या.

आम्हाला न्यायला आणलेल्या गाडीपाशी बा बूश्ता आले. आम्ही रचलेल्या होतो. त्यांनी वरच्या तिघीचौघींवरून अंगठा फिरवला.

"पोरी, या परत कधी यायच्या?"

"बा, आता यांना विस्तव नको, राख नको. आता यांची कुणी झीज करणार नाही. कायमच्या जपल्या जातील!"

"हो का," बा म्हणाले. "बरं, बरं." ती पोर त्यांच्यासाठीच एवढं करत होती. तिला नाही कसं म्हणायचं?

बातूलच्या कारखान्यात मला साबणाने धुतलं. वीस वर्षांचं पीठ ओरखड्यांतून निघून गेलं, तो बर्फ आणि त्या नद्या सगळं नाल्यात. मग चकचकीत रोगण लावलं, आणि देवदाराचा वास कायमचा आत कोंडला. मग भोक पडलं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, अरे, हे काहीतरी चुकतंय. पण आमच्यावर झगझगीत दिवे लागले, फोटो निघाले, आणि मी पुन्हा फुगले. तबका, बघ म्हटलं!

दहा महिन्यांनी शिल्प या दालनात उभं राहिलं. पहिल्या दिवशी बातूलने साऱ्या गल्लीला गाडी करून बोलावलं. तमू, राद्या, बा, शामा, सगळे ठेवणीतले कपडे घालून आले. शामा चार बोटं उंच झाली होती. बायका आमच्या घुमटाखाली शिरल्या आणि मला वाटलं, आता कौतुक सुरू होणार.

"तमू, ही बघ तुझी," राद्या म्हणाली. "फळी नव्हती म्हणून पाव बदलले, म्हणतेस ना? माझे पाव तू मुद्दाम उचलून नेलेस!"

"मी नेले? तुझ्या पावांत मीठ नाही, ते कोण नेईल मुद्दाम? सगळ्यांच्या पराती सारख्या, बांना काय स्वप्न पडणार?"

ऐकता ऐकता मला सगळं कळलं. फळ्या गेल्यावर सगळ्या बायकांनी गुरुवारच्या बाजारातून पराती आणल्या. एकाच दुकानातून, एकाच मापाच्या, अल्युमिनियमच्या. बांचा अंगठा कडेवरून फिरायचा आणि काहीच लागायचं नाही. पाव बदलायला लागले. बडीशेपेचे पाव बिनबडीशेपवाल्यांकडे, जवाचे गव्हवाल्यांकडे. पायऱ्यांवर भांडणं. बांनी परातींना चिंध्या बांधायला सांगितल्या, त्या जळाल्या. कोळशाने खुणा केल्या, त्या धुतल्या गेल्या. नव्या फळ्या करायला तो सुतार उरला नव्हता. हळूहळू एकेक घर दुकानचा पाव आणायला लागलं. आधी म्हणे दोन दिवस. मग तेच.

तेवढ्यात बातूल आली, बांचा हात धरून. "बा, उद्या मी तुमच्याबरोबरच येते. भट्टीतला गरम पाव खायचाय!"

"कुठली भट्टी, पोरी?" बा हसून म्हणाले. "तीन आठवडे झाले, विझली. महिनाअखेर मालक ती जागा दुकानाला देणार आहे."

बातूलचा चेहरा पांढराफटक पडला. तिने तमूकडे पाहिलं, राद्याकडे पाहिलं. दोघी पदराशी चाळा करू लागल्या. पण ती मूर्ख नव्हती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं.

"माझ्यामुळे," ती म्हणाली. "मी आत्ता खोलते हे! एकेक स्क्रू काढते. तुमच्या फळ्या आजच्या आज घेऊन जा, बा. भट्टी पुन्हा पेटवा!"

माझ्या अंगावर शहारा आला. घरी! केरसुणीशेजारी, शामाच्या डोक्यावर, विस्तवाच्या तोंडाशी!

बा बूश्तांच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड आला. मी पाहिला. आणि मग, जन्मभराच्या सवयीने, ते म्हणाले, "छे छे, पोरी. इथेच शोभतात."

आणि थांबले.

तमू थांबली. राद्यासुद्धा गप्प झाली. सगळे बातूलच्या तोंडाकडे बघत होते. अगं, पुन्हा विचार! एकदा, दोनदा, बस! तिसऱ्यांदा ते हो म्हणणार आहेत गं! मी एवढ्या मोठ्याने मनात ओरडले की माझा स्क्रू करकरला असेल.

"बातूलताई, अजून दोनदा..." शामा बोलायला लागली. तमूने तिच्या दंडाला असा चिमटा काढला की पोरीचे शब्द घशातच राहिले. "तोंड आवर! मागून घ्यायला आपण कोण?"

बातूलने बांचे हात कपाळाला लावले आणि ढसाढसा रडली. "किती मोठं मन आहे तुमचं, बा! मग राहू देते. तुमची आठवण म्हणून राहू देते."

बांच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. "हो हो," ते म्हणाले. "राहू दे."

निघताना ते एकटेच पुन्हा घुमटाखाली आले. माझ्या खाचा आतल्या बाजूला आल्या आहेत, कुणाला दिसत नाहीत. त्यांनी चाचपडत, रोगणावरून अंगठा घसरत घसरत, शोधल्या. एक. दोन. तीन.

"तमूची," ते पुटपुटले. "गुणाची आहे."

आणि माझ्या कडेवर दोन थापा मारल्या. टक् टक्.

"काका, हात लावू नका," रखवालदार म्हणाला.

मागच्या वसंतात शामा शाळेच्या सहलीबरोबर आली होती. सगळी मुलं पुढे गेल्यावर ती माझ्यापाशी वाकली आणि कुजबुजली, "तिथे आता मोबाइलचं दुकान झालंय. बा पायरीवर बसतात. कुणी परात घेऊन गेलं, तर उगाच कडेवरून अंगठा फिरवतात." तिच्या फ्रॉकला पिठाचा वास नव्हता.

मी बातूलला दोष देत नाही. तिने मला पहिल्यांदा बघायला शिकवलं. साऱ्या गल्लीला शिकवलं. पण बघून झाल्यावर वस्तू जागेवर ठेवायची असते, हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि मी तर जागेवर राहायलाच तयार नव्हते. मित्रांनो, तुमच्या घरात दाराआड कुणी माझ्यासारखी उभी असेल, तर तिचा फोटो जरूर काढा. उन्हात धरा, ओरखडे बघा. आणि मग तिच्यावर कणीक ठेवा. आणि कुणी म्हातारं माणूस तुम्हाला 'नको' म्हणालं, तर लगेच ऐकू नका. अजून दोनदा विचारा.

लोक येतात, पाटी वाचतात, 'अय्या' म्हणतात, जातात. मी मोजत नाही. माझ्या कडेत ती थाप अजून आहे. टक् टक्. म्हणजे झालं, उचल आणि पळ घरी.

पायरीवरून अजून कुणी उठलेलं नाही.